उलव्याहून उलुरूला

उलवे, २० जानेवारी

प्रिय जागृती,

हे पत्र बघून तुला हसू येईल. रोज संध्याकाळी फोनवर तोंड दिसतं, बोलणं होतं, आणि वर हा म्हातारा वहीची पानं फाडून पत्र काय लिहितोय! पण त्या फोनवर तुझी आई माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेली असते आणि मला जे सांगायचंय ते तिच्यासमोर सांगता येत नाही. आत्तासुद्धा ती समोरच वाल सोलत बसली आहे. तिला वाटतंय, मी गच्चीवरच्या टाकीच्या गळतीबद्दल सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्ज लिहितोय. मधूनच म्हणते, "चांगला सनसनीत लिवा, मास्तर." तेव्हा सणसणीत लिहितो आहे. ती बाजारात गेली की पानांचे फोटो काढून तुला पाठवीन.

तर मुद्द्याचं. सप्टेंबरात तू आम्हाला तो एवढा मोठा देश फिरवलास आणि परत पाठवताना विमानतळावर विचारलंस, बाबा, यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं, एकच सांगा. मी म्हटलं, विमानातलं दही. तू रुसलीस. तेव्हापासून तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारते आहेस. आता तर स्वच्छच सांगितलंस, की नर्सची नोकरी तुला कुठल्याही शहरात मिळते, घर घ्यायचंच आहे, तर आई-बाबांना आवडेल त्याच शहरात घेईन, खालच्या मजल्यावर तुमची खोली, आणि महिनाअखेरीला एजंटला शब्द द्यायचाय. म्हणजे प्रश्न आवडीनिवडीचा नाहीच. आम्ही इथलं आवरून कायमचं तिकडे यायचं की नाही, हा आहे. तू जाऊन आता आठ वर्षं होतील. एकदाही आली नाहीस. आधी कोरोना, मग व्हिसा, मग रजा नाही, आणि रजा मिळाली की म्हणतेस, तुम्हीच या, तिथे आता बघायला काय उरलंय? असो. उत्तर देतो, पण माझ्या पद्धतीने. सबंध नोकरी भूगोल शिकवण्यात गेली, त्यामुळे स्पष्टीकरण दिल्याशिवाय मला उत्तर लिहिताच येत नाही.

सिडनीपासून सुरू करतो, कारण तूही तिथूनच सुरुवात केलीस. ते ऑपेरा हाउस मी वर्गात फळ्यावर किती वेळा काढलं असेल! शिडं उभारलेलं पांढरंशुभ्र जहाज, असं मुलांना सांगायचो. जवळ जाऊन बघतो तर काय, फरश्या! आपल्या मोरीला बसवतात तशा लहान लहान फरश्या. तुझी आई मान वर करून बराच वेळ बघत राहिली आणि तिने एवढंच विचारलं, की हे सगळं घासतं कोण. शहर मला आवडलं. पूल देखणा आहे, रस्ते स्वच्छ आहेत, माणसं थांबून वाट देतात. फेरीबोटीत आई पुढच्या कठड्याला जाऊन उभी राहिली आणि पाण्याकडे बघून म्हणाली, भरती लागली. तू फोनमध्ये बघितलंस तर खरंच लागली होती. तू सगळ्या बोटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसलीस आणि तिच्या गळ्यात हात टाकलास. बाँडायच्या किनाऱ्यावर मात्र तिने तुला लाज आणली. साडी वर खोचून वाळू उकरायला लागली आणि त्या लाल-पिवळ्या कपड्यांतल्या जीवरक्षकाला खुणेने विचारायला लागली, की इथे तिसऱ्यांच्या शिंपल्या मिळतात का. त्याला वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय. तो बिचारा तिच्याबरोबर वाळू उकरत बसला. तू दूर जाऊन उभी राहिलीस, आम्ही तुझे कोणी नव्हेच अशी. मला ते दिसलं होतं, पण राग नाही आला. तुझ्या वयाला मीही माझ्या आईला पनवेलच्या बाजारात असाच सोडून पुढे चालायचो.

मग तुझं मेलबर्न. ट्राममध्ये बसून आई खूश होती, थंडीने मात्र तिची वाट लागली. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी पुन्हा ऊन, आणि तू म्हणत होतीस, इथे असंच असतं, सवय होते. तिथल्या बागेत दुपारी मी उभा होतो आणि माझी सावली दक्षिणेला पडलेली दिसली. जागू, मी हे शिकवलंय. दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून जातो, परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. पण स्वतःची सावली उलटी पडलेली बघितली आणि मी येडाच झालो, दोन पावलं मागे सरलो. तू हसत म्हणालीस, बाबा, म्हणून इथे उत्तरेला तोंड असलेली घरं घेतात, दिवसभर ऊन येतं. आणि मग तू आम्हाला त्या शांत रस्त्याने चालवत नेलंस, जिथे दर चार घरांमागे विक्रीची पाटी होती. पुढे देऊळ दाखवलंस, भारतीय किराणावाला दाखवलास, म्हातारी माणसं बसतात तो बाक दाखवलास. मी मास्तर आहे गं. पोरगं दप्तरात काय लपवतंय ते मला पाठमोरा असतानाही कळतं. तू आम्हाला देश दाखवत नव्हतीस, घर दाखवत होतीस. आईला ते कळलं की नाही, मी तेव्हा विचारलं नाही.

समुद्राकाठच्या त्या लांब रस्त्याने आपण ते पाण्यात उभे असलेले सुळके बघायला गेलो. बारा म्हणतात, पण तेवढे आता नाहीत, लाटांनी काही पाडले, असं तू वाचून दाखवलंस. आई म्हणाली, समुद्राने पाडले ना, मग ठीक. तू फोटो काढत होतीस, तुझं लक्ष नव्हतं.

केर्न्सला ऊन आपल्यासारखं होतं, दमट, अंगाला चिकटणारं. काचेच्या तळाच्या बोटीतून तू ती प्रवाळं दाखवलीस. ग्रेट बॅरियर रीफ! जन्मभर मुलांकडून जिची लांबी पाठ करून घेतली, ती पायाखालून जात होती आणि मला लांबी आठवेना. डोळे भरून आले होते, म्हणून चष्मा पुसायचं निमित्त केलं. आई प्रत्येक माशाला बोट दाखवून विचारत होती, हा खातात का? तुला वाटलं, तिला ती बोट फार आवडली. तू परवाही म्हणालीस, आईचा चेहरा केर्न्सला सगळ्यात खुलला होता, मग केर्न्सच घेऊ का. तर ऐक. चेहरा खुलला होता हे खरं, पण बोटीत नाही. दुसऱ्या दिवशी तू झोपली होतीस तेव्हा आम्ही किनाऱ्यावर चक्कर मारायला गेलो. ओहोटी होती. तिथे वाळू नाही, नुसता चिखल, आणि कडेला तिवराची झाडं. चिखलात बगळे. आईने लांब श्वास घेतला आणि ती तिथेच कठड्यावर बसली. खाडीचा वास येतोय म्हणाली. आपल्या खाडीचा, भराव पडायच्या आधीचा. लोक तिकडे रीफसाठी जातात, आणि ही बाई चिखलासमोर बसून राहिली. उठायलाच तयार नव्हती.

आता शेवटचा मुक्काम, वाळवंटातला तो लाल खडक. माझ्या पाठ्यपुस्तकात त्याचं नाव एअर्स रॉक. त्याचं खरं नाव उलुरू, तिथल्या मूळच्या लोकांनी ठेवलेलं, हे मला तिथे जायच्या थोडंच आधी कळलं. ते कसं कळलं ते पुढे सांगतो, कारण हे पत्र त्याचंच आहे. माशा फार, म्हणून तू आम्हाला डोक्यावरून घ्यायच्या जाळ्या दिल्यास. पदरावर जाळी घालून तुझी आई चालत होती आणि तू हसून बेजार. मावळतीला सगळे जण खुर्च्या टाकून बसले आणि तो डोंगर रंग बदलू लागला. तांबडा, मग निखाऱ्यासारखा, मग जांभळट. मी जे काही बघितलं त्यात याच्यासारखं दुसरं काही नाही, हे तुला लेखी देतो. दुसऱ्या दिवशी पायथ्याला तो वाटाड्या सांगत होता आणि तू आईला मराठीत समजावत होतीस, की पूर्वी लोक यावर चढायचे, ती बघ पायांनी झिजलेली वाट, अजून दिसते. पण इथल्या लोकांचं हे देवस्थान आहे. ते म्हणाले चढू नका, आणि काही वर्षांपूर्वी चढणं कायमचं बंद केलं. आईने विचारलं, ते म्हणाले आणि सरकारने ऐकलं? तू म्हणालीस, खूप वर्षं लागली, पण ऐकलं.  आईने जाळीच्या आतून, लांबूनच हात जोडले. मग म्हणाली, "यांचा डोंगर हाय गो अजून."

तू म्हणालीस, चल आई, बस निघेल.

तुला ऐकू आलं होतं. मला माहीत आहे, कारण बसमध्ये तू परतीच्या सगळ्या रस्त्यात खिडकीकडे तोंड करून बसली होतीस. तू गेलीस तेव्हा आपला डोंगर अर्धा कापून झाला होता. ज्या डोंगरावर आई तुला करवंदांना पाठवायची, त्याला सुरुंग लावताना भांडी वाजायची, तुला आठवत असेल. पुढचं तू बघितलं नाहीस. तो सपाट झाला, नदी वळवली, गाव उठलं, गावदेवी नव्या देवळात नेली. आम्ही नव्या वसाहतीच्या सेक्टरात, तिसऱ्या मजल्यावर आलो. नाव तेवढं जुनंच राहिलं, उलवे. मी हे रडगाणं म्हणून लिहीत नाही. विमानतळ व्हायचा होता, झाला. शाळेत मीच मुलांना विकासाचे फायदे लिहून दिलेत.

आता ते नावाचं. जूनमध्ये तुझा फोन आला होता. तू ड्युटीवर होतीस, मागे कसलं तरी मशीन पी पी करत होतं, आवाज तुटत होता. तू म्हणालीस, आई, बुकिंग केलंय, सप्टेंबरात आपण तिघं उलुरूला! आणि फोन कट झाला.

आईने ऐकलं, उलव्याला.

मीही तेच ऐकलं. माझ्या नकाशात त्या खडकाचं नावच वेगळं, उलुरू हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. आपण तिघं उलव्याला, बुकिंग केलंय. यात न समजण्यासारखं काय होतं? तुझी आई जिन्याने खाली गेली. लिफ्टची वाटही बघितली नाही. सुचिताला, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या मैत्रिणीला, सांगून आली, "बाय येतं हाय, सप्टेंबरान." तासाभरात सगळ्या बिल्डिंगला बातमी. गावदेवीला ओटी बोलून झाली. तुझ्यासाठी ठेवलेल्या खोलीतली गादी गच्चीवर उन्हात पडली. सुके बोंबील, तांदळाचं पीठ, सगळं आलं. सप्टेंबर अजून कुठच्या कुठे! मी म्हटलं, भागीरथी, दम धर. पण मीही कॅलेंडरवर खूण करून आलो होतो. मला फार आनंद झाला होता, जागू. हे मी तुला तोंडावर कधी सांगणार नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी तिकिटं आली. आमची, तिकडे यायची. त्यात एक तिकीट एअर्स रॉकचं, कंसात उलुरू, आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि म्हणाली, "मंग आपुनच जाऊ." सुचिताला जाऊन सांगितलं, पोरीने आम्हालाच बोलावलंय, सगळा देश दाखवणार आहे. बायकांनी तिचं केवढं कौतुक केलं, आणि तिनेही ते करून घेतलं. मला मात्र बजावलं की पोरीला यातलं काही कळता कामा नये, तिने हौसेने केलंय. त्यामुळे तिथे फिरताना ती तुझ्याकडे कौतुकाने बघत होती ते खोटं नव्हतं. पण त्या खडकासमोर ती उभी होती तेव्हा तिच्या मनात कुठलं उलवे होतं, ते तुला आता कळेल.

इकडचं सांगायचं तर डिसेंबरात विमानं सुरू झाली. तुझ्या आईला नवीनच नाद लागलाय. संध्याकाळी फोन झाला की ती गच्चीवर जाते आणि उतरणारी विमानं बघत उभी राहते. तिचं म्हणणं, विमानाची चाकं जिथे टेकतात ते आपलं खालचं खाचर, जिथे आपण भातानंतर वाल पेरायचो. माझ्या हिशोबाने खाचर जरा अलीकडे होतं, पण मी दुरुस्ती करत नाही. प्रत्येक विमानाला म्हणते, "यो बघ उतरला आपल्या खाचरान." बिल्डिंगची पोरं तिला चिडवतात, काकी, भाडं घ्या त्यांच्याकडून! ती हसते आणि पुढच्या विमानाची वाट बघते.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सिडनी छान, मेलबर्न छान, केर्न्सचा चिखलसुद्धा छान. यापैकी कुठेही घर घे, तुझ्या सोयीने घे, उत्तरेला तोंड असलेलं घे. त्यात आमची खोली मात्र धरू नकोस. आम्ही पाहुणे म्हणून येऊ, चांगले महिनाभर राहू, आई पुन्हा तिसऱ्या शोधेल. कायमचे येणार नाही. रागाने नाही म्हणत. आमचं गाव एकदा उठलंय, या वयात पुन्हा उठवत नाही, एवढंच.

आणि हे आजच का लिहिलं, ते. परवा फोनवर आईने सहज विचारलं, गावदेवीच्या जत्रेला येतेस का यंदा. तू म्हणालीस, आई, तिथे आता बघायला काय उरलंय? तू सहज म्हणालीस, ती पण सहज हसली. फोन ठेवून गच्चीवर न जाता ती तुझ्या खोलीत गेली आणि गादीवरची चादर काढून घडी घातली. जूनपासून ती चादर तिथे होती, दर रविवारी धुऊन परत पसरायची. काल सुचिता दोन मुलींना घेऊन आली. विमानतळावर नोकरीला आहेत, चांगल्या घरच्या आहेत, जागा शोधतायत. आईने त्यांना तुझी खोली दाखवली. म्हणाली, "रिकामी ठेवून काय करायची हाय?" पहिल्या तारखेपासून त्या येणार. मी म्हटलं, आधी टाकीची गळती काढू, भिंतीला ओल आहे, मग बघू. भिंतीला ओल नाही. मी त्यांना हो म्हटलेलं नाही, आणि टाकीच्या नावावर फार दिवस काढताही येणार नाहीत. बघायला काही उरलं नाही हे तुझं खरं आहे, बाळ. डोंगर नाही, नदी नाही, खाडीचा वास नाही. पण उतरायला जागा आहे. परदेशातली विमानं अजून इथे येत नाहीत, दिल्लीला बदलून ये, संध्याकाळचं विमान घे, खिडकी मागून घे. आईला काही कळवू नकोस. मी तिला गच्चीवर घेऊन उभा राहीन, आणि त्या विमानाला बोट दाखवून ती रोजच्यासारखं म्हणेल, यो बघ उतरला आपल्या खाचरान. म्हणू दे तिला. मी दुरुस्ती करणार नाही.

तुझाच,
टाकीचा अर्ज लिहीत बसलेला,
बाबा